अंदाजापेक्षा खाली राहिलेली घरं

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी हैदराबादच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. परीक्षा आटोपून धावतपळत हिंगोलीला पोचलो तो थेट हळदीच्या दिवशी. तिचं सासर शिरड शहापूरच्या अलीकडच्या एका गावात. घर बघून वडील खूश होते. काळी जमीन, दोन बैलजोड्या, अंगणात ज्वारीचं भरलेलं पेव. वडील कापसाच्या जिनात मुनीम होते, आमच्या घरात शेती नव्हती. त्यामुळे जमिनीत पुरलेल्या धान्याचं त्यांना भारी अप्रूप. परतताना गाडीत ते आईला म्हणाले, पोरगी आता उपाशी राहत न्हाई.

दुसऱ्याच सालापासून त्या घराला उतरती कळा लागली. मी सुट्टीत यायचो तेव्हा एकेक गोष्ट कानावर पडायची. पेरणी उशिरा झाली. एक बैलजोडी विकली. पुढच्या वर्षी पेव अर्धंसुद्धा भरलं नाही. मग कळलं की अक्काची सासू दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. ज्या बाईच्या हाताखाली एकेकाळी चार बाया खुरपत, ती डोक्यावर पदर पुढे ओढून, कुणी ओळखीचं दिसलं की तोंड फिरवून जाते, असं आई सांगत होती.

आणि मग पायगुणाचं बोलणं सुरू झालं. सून आली आणि बरकत गेली. गावात आधी कुजबुज होती, मग घरात आली. वडील दिवाळीला अक्काला आणायला गेले तेव्हा विहीणबाईंनी त्यांना ओसरीवर बसवून, चहा देऊन, शांतपणे सांगितलं, "तुमच्या लेकीत खोट न्हाई. रांधती, राबती, उलटून बोलत न्हाई. पण पायगुणाला आमी काय करावं? औंदाचा उन्हाळा बघू. न्हाई तर तिला जरा तुमच्याकडंच राहू द्या."

जरा म्हणजे किती, हे वडिलांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. दाजींसाठी दुसरी मुलगी बघण्याचा विषय त्या घरात निघाला होता, हे अक्कानं आईला रडत रडत सांगितलं. तिच्या कडेवर तेव्हा वर्षाची पोरगी होती. दिवाळी उरकून ती सासरी परत गेली, पण ते बोलणं तसंच टांगलेलं राहिलं.

मला फार राग आला. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा जास्त मी गोंधळलो. मी गणित शिकत होतो. पायगुण वगैरे मी मानत नव्हतो. पण अक्का त्या घरात गेली आणि दुसऱ्याच सालापासून ते घर खाली आलं, ही गोष्ट तर खरीच होती. ती कुणी माझ्यापुढे ठेवली असती तर मला ती खोडता आली नसती. सासरचे लोक वाईटही नव्हते. दाजी मवाळ माणूस, सासरे कष्टाळू. भ्यालेली माणसं होती ती. घर हातातून सुटत होतं आणि का सुटतंय ते कुणालाच कळत नव्हतं.

बी. ए. झालो आणि नोकरी शोधत होतो, तेवढ्यात कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या सरांनी बोलावून घेतलं. सरकारनं गावोगावच्या घरांची पाहणी करायचं काढलं होतं. एकाच गावात, सारख्याच पावसात काही घरं गरीब का होतात, याचा शोध घ्यायचा होता. आमच्या भागाचं काम सरांकडे आलं होतं. सर विलायतेत जाऊन संख्याशास्त्र शिकून आले होते. उंच, वाकलेले, दम्याचे रोगी. घरी उर्दू बोलत आणि आम्हा पोरांशी दखनी. त्यांना मराठी समजायची, बोलायला लाजत. मी आणि कळमनुरीचा माझा एक वर्गमित्र, आम्ही दोघं त्यांच्या हाताखाली गेलो. जवळा बाजारला बाजारतळाजवळ एक माडी भाड्यानं मिळाली. तिथंच आमचं ऑफिस, तिथंच बिऱ्हाड.

कोणती गावं घ्यायची ते सरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या त्यांच्याच रुमी टोपीत टाकल्या आणि मला काढायला लावल्या. अक्काचं गाव निघालं. मी लगेच सांगून टाकलं की या गावात माझी बहीण दिली आहे. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाँव तो रहेगा. मगर उस घर में पूछने कू तू नै जाना."

ते बराबरच होतं. त्या घरी माझा मित्र जाणार होता.

सरांनी विचारायचे प्रश्न मोठ्या विचारानं ठरवले होते. घरात रुपये किती आहेत, हे त्यांनी विचारूच दिलं नाही. सरकारी माणसाला पैसा कुणी खरा सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी विचारायचं की घरची ज्वारी घरात किती दिवस पुरते. ते बायांना विचारायचं, कारण ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. आणि खरोखरच बाया सांगायच्या. कुणी म्हणे होळीपर्यंत, कुणी आखाजीपर्यंत, एखादी हसून म्हणे नवी येईस्तोवर पुरती बाप्पा, देवाची कृपा हाय.

त्या हिवाळ्यात आम्ही गावं पालथी घातली. जिथं जाऊ तिथं गावातली जाणती माणसं आम्हाला गरिबीची कारणं आधीच सांगून टाकत. पाटील म्हणे लोक आळशी झालेत. कुणी म्हणे शिंदी पिऊन बसतात. तहसिलीतला एक कारकून म्हणाला, लग्नात उधळतात, मग रडतात. सर कुणालाच खोटं म्हणत नसत. आमच्या कागदावर त्या गोष्टीसाठी एक रकाना वाढवत आणि सगळ्या घरांना तेही विचारायला लावत.

मग माडीवर आकडेमोड सुरू झाली. ती कशी होती ते थोडक्यात सांगतो. समजा एखाद्या घराची जमीन किती, ती काळी की मुरमाड, बैल किती, राबणारे हात किती आणि खाणारी तोंडं किती, एवढं सगळं ठाऊक आहे. मग त्या घराची ज्वारी किती दिवस पुरायला हवी? सगळ्या घरांची माहिती एकत्र करून सरांनी एक समीकरण बसवलं. जमिनीचा वाटा किती, बैलाचा किती, हातांचा किती, ते त्यातून निघत असे. ते वापरून आम्ही दोघं दर घराचा अंदाज काढायचो आणि खरी ज्वारी त्याच्याशी ताडून बघायचो. अंदाज आणि खरं यांत जो फरक पडे त्याला आम्ही बाकी म्हणत होतो. लॉगची कोष्टकं हाताळून हाताळून मळली. चुकलं की सर रागवत नसत, फक्त कागद परत पुढे सरकवत.

जाणत्यांची कारणं एकेक करून समीकरणात घातली. शिंदीनं फारसा फरक पडेना. पिणारे वर आलेल्या घरांत होते तसेच खाली गेलेल्या घरांतही होते. लग्नाचं तर उलटंच निघालं. मोठं लग्न केलेली घरं बहुतेक बऱ्या स्थितीतली होती. माझ्या मित्राला ते पटेना, तेव्हा सर म्हणाले की ज्याच्याजवळ आहे तोच तर उधळणार. आळस मोजायचा कसा, यावर आमचा एक दिवस गेला. शेवटी सर म्हणाले, आळशी माणूस वर्षभर आळशी असतो, त्यानं किती दिवस काम केलं ते महिन्यामहिन्यानं बघा. बघितलं, तर खाली राहिलेल्या घरांतली माणसं कापूस वेचणीला, खळ्यावर, गुऱ्हाळावर इतरांपेक्षा जास्तच राबलेली दिसत होती.

तरी बाकी उरतच होती. अक्काच्या गावात तर फार उरत होती. सरांनी मला त्या गावाचा नकाशा काढायला सांगितलं आणि अंदाजापेक्षा खाली राहिलेल्या घरांवर तांबड्या शाईचा ठिपका द्यायला लावला. मी एकेक घर शोधून ठिपके देत गेलो. पहिले काही ठिपके दिले तेव्हा काही लक्षात आलं नाही. मग हात थांबला. सगळे ठिपके गावाच्या उगवतीकडे जमत होते. मावळतीच्या आळ्या जवळजवळ कोऱ्या होत्या. आणि उगवतीच्या त्या गर्दीत अक्काचं घर होतं.

माझ्या छातीवरून कुणी धोंडा उचलल्यासारखं झालं. ते घर एकटं नव्हतं. त्याच्या शेजारचं खाली होतं, त्याच्या पलीकडचंही खाली होतं. त्यांतल्या कित्येक घरांत नवी सून आलेलीच नव्हती. एकात नुसत्या दोन म्हाताऱ्या जावा आणि एक लेक राहत होता. माझी अक्का सगळ्या उगवतीला कशी बुडवील? मी उठून गच्चीवर गेलो आणि तिथं उभा राहून एकटाच हसलो. डोळ्यांत पाणीही आलं असावं. खाली बाजार भरला होता, कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, आणि मला ते सगळं एकदम फार सुंदर वाटलं.

सर मागून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, अक्काचं, पायगुणाचं, दुसऱ्या मुलीचं. त्यांनी ऐकून घेतलं. खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "नक्शा कहाँ बोलता, काय कू नै बोलता. काय कू, वो जाके पूछ." कुठं ते नकाशा सांगतो, का ते सांगत नाही.

आम्ही आधी घरबसल्या शोधलं. उगवतीची जमीन वाईट असेल म्हणावं, तर त्या लोकांची रानं चारी दिशांना पसरलेली. जात म्हणावी, तर तिथं मराठ्यांची घरं होती, माळ्यांची होती, तांडा सोडून गावात येऊन राहिलेली बंजाऱ्यांचीही होती. दुखण्याच्या रकान्यात बहुतेकांच्या पुढं 'न्हाई' असंच लिहिलेलं. म्हणून पुन्हा जाणं भाग होतं.

या खेपेला सरांनी एकच प्रश्न दिला होता. मागच्या मृगात पेरणी कधी केली आणि उशीर झाला असेल तर काहून झाला. माझा मित्र आणि मी उगवतीच्या आळीत घरोघर फिरलो. जवळपास प्रत्येकाची पेरणी मागं पडली होती. एका घरी मी विचारलं, तेव्हा दावणीला बैल बांधत असलेला माणूस म्हणाला, मृगात माझा पाय धरला होता. मी म्हटलं, मागं तर तुमी दुखणं न्हाई म्हणून सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"दुखणं कशाचं? नारू होता," तो म्हणाला. "नारू तर आमच्याकडं समद्यांनाच होतो."

आम्ही विचारलं होतं ताप आला का, पटकी झाली का, कुणी वारलं का. नारू कुणी दुखण्यात धरतच नव्हतं. सर्दीपडशासारखी ती नेहमीचीच गोष्ट. पायाला फोड यायचा, तो फुटायचा, त्यातून दोऱ्यासारखा लांब जंतू डोकं काढायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून खांबासारखा व्हायचा आणि माणूस अंथरुणाला खिळायचा. आणि हे व्हायचं ते उन्हाळ्याच्या शेवटाला आणि मृगाच्या तोंडावर, जेव्हा शेतकऱ्याला पाय हवा असतो.

त्या दिवशी दुपारी मी अक्काला भेटलो. घरी चौकशीला जायचं नव्हतं, म्हणून ती पाण्याला निघाली तशी मी तिच्या सोबत चाललो. गावाच्या उगवतीला जुनी दगडी बारव आहे. खोल, चारी बाजूंनी पायऱ्या. बाया पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. पुरुष तिथंच हातपाय धूत. अक्काही उतरली. तिच्या घोट्याजवळ जुन्या नारूचा पांढरा वण होता. मला तो आजवर दिसला नव्हता.

"अक्का, तुमच्या घरी पहिल्यापासून इथलंच पाणी?" मी विचारलं.

"न्हाई रे. आधी आळीतल्या आडाचं होतं. पोहऱ्यानं शेंदायचं. मी लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात आड ढासळला. तवापासून समदी आळी इकडंच येती. मावळतीकडल्यांचा आड धड हाय, पण आमाला लांब पडतो."

ती सहज बोलून गेली आणि घागर डोक्यावर घ्यायला वाकली. मी तिला थांबवलं. तिथंच पायरीवर बसवून ठिपक्यांचं सांगितलं, पेरण्यांचं सांगितलं. ती ऐकत होती. घागर तिच्या मांडीला टेकलेली होती. 

मग हळू आवाजात म्हणाली, "बापू, म्हंजी मी न्हवं?"

"तू न्हवंस, अक्का."

तिनं पदरानं तोंड झाकलं. रडली नाही.  मग उठून, घागर भरलेली असूनही ती तिनं पायरीवर रिकामी केली आणि पुन्हा भरून घेतली. काहून ते तिलाही सांगता आलं नसतं.

सरांनी एवढ्यावर मान्य केलं नाही. आपल्याला जे खरं व्हावंसं वाटतं त्यावर दुप्पट संशय घ्यावा, अशी त्यांची रीत. त्यांनी मला घेऊन हिंगोलीचा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो तेव्हा त्याच्या जखमेतून बीज पाण्यात पडतं. पाण्यातल्या बारीक किड्यांत ते वाढतं. ते पाणी जो पितो त्याला साधारण वर्षानं नारू निघतो. पोहऱ्यानं शेंदायच्या आडात कुणाचा पायच पडत नाही, म्हणून तिथं नारू नाही. मग आम्ही पाहणीतल्या बाकीच्या गावांतही विचारलं, पाणी कुठलं आणि पेरणीच्या वेळी नारूनं किती दिवस घरी बसवलं. समीकरणात तो एक रकाना वाढवला आणि सगळं पुन्हा मांडलं. किती दिवस हात चालले असतील ते आता आठवत नाही. पण उत्तर निघालं तेव्हा अक्काच्या गावची बाकी पुष्कळ वितळली होती. नवा नकाशा काढला, तर तांबडे ठिपके थोडेच उरले होते आणि तेही गावभर विखुरलेले.

माझ्या मित्राला ते उरलेले ठिपके खुपत होते. सरांना नव्हते. ते म्हणाले, "सब समझ में आ गया बोले तो समझना, कहीं गड़बड़ है." त्यांना त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणी हसताना पाहिलं. मग खोकल्याची उबळ आली.

आता अवघड काम पुढं होतं. समीकरण अक्काच्या सासूला कसं सांगायचं? मी जवळा बाजारहून चालत गेलो, रस्ताभर वाक्यं जुळवत. पोचलो तेव्हा ती अंगणात सुपात तुरी पाखडत होती. आता त्या गावातली विचारणा संपली होती, त्या घरात जायला मला मोकळीक होती. मी समोर बसलो आणि जुळवलेलं सगळं विसरलो. शेवटी सरळ विचारलं, "मावशी, आड ढासळल्यापासून आळीतली कोणकोणती घरं खाली आली?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि एकेक घर सांगू लागली. कोपऱ्यावरलं. त्याच्या पलीकडलं. दोघी जावांचं. तिला सगळ्यांचं ठाऊक होतं, कुणी बैल विकला, कुणाचं रान पडीक राहिलं, कुणाची पोरं गुरं राखायला गेली.

"यातल्या किती घरात तवा नवी सून आली?" मी विचारलं.

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. दारात अक्का उभी होती, पोरगीला कडेवर घेऊन. सासू बराच वेळ तुरीच्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली. मग मी तिला बारवेचं सांगितलं, नारूचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. सगळं तिला पटलं असं मला वाटलं नाही. पण आधीची गोष्ट तिनं स्वतःच्याच तोंडानं मोजली होती.

"सूनबाई," ती शेवटी म्हणाली, "उभी काहून? पाव्हण्याला पाणी दे. अन् ते पाणी आधी गाळून घे."

पाणी गाळायचं मीच सांगितलं होतं, दाट विणीच्या दुहेरी कापडातून. अक्कानं सासऱ्याच्या जुन्या धोतराची घडी माठावर धरली. धोतर कापायला सासूनं तिथल्या तिथं काढून दिलं होतं. दुसऱ्या मुलीचा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. कुणी चूक कबूल केली, माफी मागितली, असं काही घडलं नाही. आमच्याकडं तशी पद्धतही नाही. पण चार दिवसांनी सासरे स्वतः हिंगोलीला वडिलांकडं गेले आणि जेवून, पान खाऊन आले, एवढं मला कळलं.

पाण्यात कुणाचा पाय पडू नये म्हणून बारवेच्या पायऱ्या बुजवा, असं आम्ही सुचवलं, त्यावरून गावात बरीच वादावादी झाली. बारव पूर्वजांची, आत देवळीत देव, पायऱ्या बंद करायच्या म्हणजे काय? अक्काचे सासरे फारसं न बोलणारे, पण त्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, मी दोन सालं मृगात बाजेवर पडून माझं रान पडीक बघितलं, मला आणखी बघायचं न्हाई. शेवटी असं ठरलं की देवापर्यंतच्या वरच्या पायऱ्या तशाच ठेवायच्या आणि त्याखाली चारी बाजूंनी कठडा बांधून वरून कप्पीवर पोहरा सोडायचा. दगड बारवेचेच निघाले. हातभार आळीनं लावला. उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी काम उरकलं.

मला मात्र धाकधूक होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नारूला वर्ष लागतं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात जे पाणी पोटात गेलं त्याचे नारू या मृगात निघणारच. कठडा बांधूनही नारू निघाला, तर लोक काय म्हणतील? सगळं पुन्हा फिरून अक्कावर येईल. म्हणून मी आणि माझा मित्र घरोघर जाऊन आधीच सांगत फिरलो, औंदा निघतील, पुढच्या साली बघा. काही लोक हसले. वायद्याचं बोलणं आहे म्हणाले.

त्या मृगात नारू निघाले. दाजींच्या गुडघ्याखाली निघाला. मी भेटायला गेलो तेव्हा बाजेवर पडून ते काडीला दोरा गुंडाळत होते. म्हणाले, हा मागचा हिशेब हाय, मला ठाऊक हाय. सासू त्यांच्या पायाला कडुलिंबाचा पाला बांधत होती. तिनंही मान हलवली. मला एवढं बळ दुसऱ्या कशानंच आलं नसतं.

पुढचा उन्हाळा मी परभणीला होतो. पाहणीचं काम आटोपलं होतं, तिथं शाळेत मास्तरकी मिळाली होती. माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. रोहिणी गेल्या. पाऊस झाला. दोन दिवसांची रजा टाकून मी गाडीनं निघालो आणि चिखलातून चालत अक्काच्या गावी पोचलो. घरी कुणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या जावांपैकी एक ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "समदे रानात हायत बाप्पा. समदी आळी रानात हाय."

मी रानात गेलो. दाजी तिफण धरून पेरत होते, अक्का तिफणीच्या चाड्यावर बियाणाची मूठ सोडत होती. सासरे बांधावर उभे. नुसत्या अनवाणी पायांनी दाजी ओल्या मातीतून चालले होते, ना पट्टी ना सूज, आणि मी आपला त्यांच्या पायांकडंच बघत राहिलो. रानाच्या टोकाशी तास संपला, तिफण वळली, तेव्हा अक्कानं मला पाहिलं. ती हात उंचावून ओरडली नाही. चाड्यावरची मूठ थांबवता येत नव्हती. नुसती हसली, लांबूनच, आणि पुढं चालत राहिली. मी धुऱ्यावर, सासऱ्यांच्या बाजूला बसून घेतलं.

आळीत त्या साली एक-दोघांना निघाला, नाही असं नाही. ते गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या गावी राहून, तिथलं पाणी पिऊन आलेले होते, असं लोकांनीच शोधून काढलं. तोवर कुणाला शिकवायची गरज राहिली नव्हती. लोक आता आपणच विचारत, कुठलं पाणी पिलास.

आमच्या पाहणीचा अहवाल सरांनी लिहून पाठवला. पुढं त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. छापून आल्याचं कधी दिसलं नाही. सरांना त्याचं दुःख झालं असेल. एकदा मी हैदराबादला त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आधी अक्काची खुशाली विचारली, मग इतर गावांतल्या बारवांची. दोन-तीन ठिकाणी कठडे झाले, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि आणखी चहा मागवला.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस साली, हैदराबाद संस्थान विलीन होण्याआधीच्या धामधुमीत, हिंगोलीला राहणं कठीण झालं. बाजार बंद, जिन बंद, वडिलांची नोकरी गेली. मीही परभणीहून बायकामुलांसह परत आलेलो. एके दिवशी दाजी स्वतः गाडी घेऊन दारात आले आणि म्हणाले, सामान भरा, इथं राहू नका. आम्ही सगळे अक्काकडं गेलो आणि पावसाळा सरून सगळं शांत होईपर्यंत तिथंच राहिलो. एवढी माणसं, रोज दोन वेळा चूल पेटत होती, आणि मला सवयीनं सारखं वाटायचं की आपण खाणारी तोंडं फार वाढवली.

एकदा मी अक्काच्या सासूबाईंना तसं म्हणालोही. त्या आता थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. पेव उघडून नुकतीच ज्वारी काढली होती, अंगणभर तिचा उबट वास सुटला होता.

"खा बापू," त्या म्हणाल्या. "नवी येईस्तोवर पुरती."